यंत्र चुकले तर

कॅसिनोतल्या यंत्राच्या चुका दोन प्रकारच्या असतात: कॅसिनोचे पैसे घालवणाऱ्या आणि वाचवणाऱ्या. दुसऱ्या प्रकाराला चूक म्हणायची पद्धत नाही. पहिल्याचा बंदोबस्त यंत्रावरच बारीक अक्षरांत केलेला असतो: बिघाड झाल्यास सर्व डाव व बक्षिसे रद्द. २०१६ साली न्यूयॉर्कच्या एका कॅसिनोत एका बाईंसमोर सुमारे ४ कोटी २९ लाख डॉलरचा आकडा झळकला. बत्तीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या सेंटांत मोजली, तर जवळपास एवढीच भरते. कॅसिनोने बिघाड जाहीर करून बाईंना सव्वादोन डॉलर आणि वर स्टेकचे जेवण देऊ केले. जेवणाची तरतूद बारीक अक्षरांत नव्हती, तो निव्वळ मनाचा मोठेपणा.

यंत्र न बिघडता, सदोष प्रोग्रॅमबरहुकूम चोख चालले, की पंचाईत होते. ‘गेम किंग’ या व्हिडिओ पोकरच्या यंत्रात अशी खोट कित्येक वर्षे होती. कमी दराने डाव जिंकायचा, मग दुसरा खेळ उघडायचा, आणखी पैसे भरायचे, दर वाढवायचा आणि जुन्या डावावर परतायचे. यंत्र तोच डाव वाढीव दराने पुन्हा चुकता करी. त्यासाठी ‘डबल अप’ची सोय चालू असावी लागे. बंद असली तर गिऱ्हाइकाने सांगावे आणि कर्मचाऱ्यांनी अदबीने चालू करून द्यावी.

२००९ साली नेवाडा व पेनसिल्व्हेनियात दोन मित्रांनी या वाटेने लाखो डॉलर जिंकले आणि ते पकडले गेले. यंत्र उघडले नव्हते, तार जोडली नव्हती. तरी १९८६च्या संगणक-फसवणूक कायद्याखाली खटला भरला गेला. सरकारी बाजूचा आशय असा, की बटणे दाबायची मुभा होती, पण अशी दाबायची नव्हती. २०१३मध्ये आधी हा आरोप आणि मग उरलेलेही मागे घेतले गेले. यंत्रात मुद्दाम फेरफार करण्याबाबत मात्र कायदा निःसंदिग्ध आहे. नव्वदीच्या दशकात त्यासाठी तुरुंगात गेलेला तंत्रज्ञ नेवाडाच्या जुगार नियंत्रण मंडळाचाच होता.

पेनसिल्व्हेनियात जप्त झालेली रक्कम कॅसिनोला मिळाली. प्राप्तिकर खात्याने त्या जिंकण्यावरचा कर मात्र खेळाडूकडेच मागितला, व्याज आणि दंडासकट.