शिल्लक कोण सांभाळतं?

बँक खात्याचा क्लास उघडून बघा. बॅलन्स प्रायव्हेट, आणि त्याच्याच खाली पब्लिक सेटबॅलन्स. दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्याचा हा प्रकार. खात्यात पाचशे असताना हजार निघू नयेत, हा नियम त्या क्लासमध्ये औषधालाही नसतो. तो एटीएमच्या कोडमध्ये असतो, मोबाइल ॲपच्या कोडमध्ये असतो, आणि तिसऱ्या ठिकाणी लिहायचा राहून जातो.

आपला नियम आपणच राखणं, हे ऑब्जेक्टचं पहिलं काम. तेच जमत नसेल तर क्लास लिहिलाच कशाला?

भले भलेही इथे घसरलेत. जावात पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून, स्टॅक हा व्हेक्टरचा वारस आहे. स्टॅकचा नियम साधा : शेवटी ठेवलेलं आधी बाहेर. पण व्हेक्टरकडून त्याला हव्या त्या जागी घुसवायची सोयही आयती मिळाली. तीन आकडे पुश करा, मग इन्सर्टएलिमेंटॲट वापरून चौथा थेट तळाशी सरकवा. कंपायलर हूं की चूं करत नाही. आता जावाचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच सुचवतं, की त्यापेक्षा डेक वापरा. इनहेरिटन्सपेक्षा कॉम्पोझिशनला पसंती द्या, हे गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांनी १९९४ मध्ये ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात स्पष्ट सांगितलं होतं. आणि ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नाव देणारे ॲलन के तर म्हणतात, या कल्पनेचा गाभा आहे ऑब्जेक्ट एकमेकांना धाडतात त्या निरोपांत.

आपल्या वर्गात मात्र ॲनिमलपासून डॉग, डॉगचं भुंकणं आणि चार खांबांच्या पाठ व्याख्या. नोकरीच्या मुलाखतीतही तेच. मुलं हुशार आहेत. जे विचारलं जातं, ते पाठ करतात. मग विचारायचंच बदला.

दर वर्षी ढिगाने लायब्ररी मॅनेजमेंटचे प्रोजेक्ट जमा होतात. व्हायवाला व्याख्या बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा : एकच प्रत एकाच वेळी दोघांना इश्यू होऊ नये, हे तुझ्या प्रोग्रॅममध्ये कोण बघतं? उत्तरात एका क्लासचं नाव आलं, तर पूर्ण मार्क. चार नावं आली, तर प्रोजेक्ट परत.