मिशीवाल्या माशाची बडदास्त : लिंबागणेशकरांसाठी

घरात काचेची पेटी मांडून तीत मिशीवाला मासा पाळायचा ठरलं, की आजी विचारणारच, "तळायचा का बघायचा?" बघायचा, असं ठणकावून सांगावं आणि विषय पाण्याकडे वळवावा.

दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच पेटीत ५६ लिटर पाणी मावतं. जलजीवन मिशनच्या कागदावर माणशी रोजचे ५५ लिटर. म्हणजे एका माणसाचा एका दिवसाचा कागदी वाटा, वर एक तांब्या. पुढे दर आठवड्याला पाव पाणी बदलायचं, म्हणजे साधारण एक घागर. ही घागर टँकर येतो त्या दिवशी मागू नये. माशाबरोबर स्वतःच्याही जीवाची काळजी घ्यावी. पाण्यात टीसीएल पावडर असेल तर क्लोरीनने कल्ले जळतात, म्हणून बादली दिवसभर उघडी ठेवावी आणि तिच्याजवळ राखणीला बसावं. पेटीतून काढलेलं पाणी कढीपत्त्याला घालावं. पानं तरारली की घरचा विरोध निम्मा मावळतो.

पेटी भरली म्हणून लगेच मासा सोडायचा नसतो. विष्ठेतल्या अमोनियाचा निकाल लावणारे जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. तोवर रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकावं. येणारा-जाणारा विचारील, "मासा कुठंय?" त्याला "मंजूर आहे, काम चालू आहे" असं सांगावं, आपल्याकडे हे उत्तर कुणालाही पटतं.

मग कोरी, म्हणजे छोटे मिशीवाले मासे, आणावेत, निदान सहा, कारण एकटा कोरी भेदरून कोपरा धरतो. तळाला मुरूम टाकू नये. मिशांनी तळ चाचपून अन्न शोधणं हा त्यांचा धंदा. टोकदार खड्यांनी मिशा झिजतात. गुळगुळीत बारीक वाळू घ्यावी. एवढ्याशा वाळूसाठी रात्री ट्रॅक्टर आणावा लागत नाही.

मिशीवाला मासा घाण खातो म्हणून त्याला वेगळं खाऊ घालावं लागत नाही, असं दुकानदार सांगतो. धादांत खोटं! तळाशी बुडणाऱ्या गोळ्या लागतात, त्याही दिवा मालवल्यावर, कारण मिशीवाल्यांतले बरेच मासे निशाचर. भालचंद्र गणपतीच्या गावाला हे अवघड जाऊ नये : आपण चतुर्थीला चंद्रोदयानंतर जेवतो, माशाचं हे रोजचंच. मधूनच कोरी सुसाट वर येऊन हवेचा घोट घेतो, तेव्हा डॉक्टर बोलावू नये. आतड्यातूनही श्वास घेतो तो. सगळेच सारखे वर धावू लागले तर मात्र वीज गेलीय का, हवेचा पंप बंद पडलाय का ते पाहावं.

सकर नावाचा दुसरा मिशीवाला मासा घेण्याआधी जागा मोजावी. दुकानात बोटाएवढा असतो, पुढे दीड फुटाचा होतो; त्याला चारशे लिटर, म्हणजे दोन ड्रम पाणी लागतं. तेवढं पाणी घरात असेल तर आधी शेजारी येतील. आणि कंटाळा आला म्हणून पुण्य समजून तो विहिरीत, तलावात सोडू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा पाहुणा असाच सुटून उजनीत पसरलाय. कोळ्यांच्या जाळ्यात काटेरी अंगाने अडकतो, जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.


नको झाला तर दुकानदारालाच परत द्यावा. तो घेणार नाही म्हणाला, तर पेटीसकट त्याच्या गल्ल्यासमोर बसावं.