बस्ता फोनवर, शिलाई जागेवर

महामारीनं कपड्याचा धंदा बदलला, हे खरं. तो कुणाच्या खिशातून बदलला, हे पाहायचं तर फॅशनच्या परिषदांत बसून उपयोग नाही. नगरच्या कापड बाजारात यावं लागतं, आणि तिथूनही आत, गल्लीत, जिथं मशीन चालतं तिथं.

2020 सालचा गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि देश बंद झाला तो त्याच दिवशी. लग्नसराईचा माल दुकानांत येऊन पडलेला, व्यापाऱ्यांची देणी डोक्यावर आणि शटर खाली. पुढच्या वर्षी 13 एप्रिलला पाडवा आला, तेव्हा कपड्यांची दुकानं आठवडाभर आधीच बंद झाली होती. ओळीनं दोन लग्नसराया गेल्या. ज्या जिल्ह्यात वर्षभराचा कापडधंदा चैत्र ते ज्येष्ठ या काळावर उभा असतो, तिथं याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

नगरकडचा बस्ता ज्यानं पाहिलाय त्याला ठाऊक आहे, ती नुसती खरेदी नसते. पाथर्डी, शेवगाव, पारनेरहून दोन्हीकडची मंडळी गाडी करून येणार. पांढऱ्या गादीवर म्हाताऱ्या मावश्या पुढं बसणार, साडीचा पदर चिमटीत धरून पोत बघणार. नवरीचा शालू ठरायला एक तास आणि मानपानाच्या साड्यांवरून कुरबूर दोन तास. मग टोपी, टॉवेल, उपरणी गठ्ठ्यानं बांधायची. त्या एका बस्त्यावर दुकानातला पोऱ्या, हमाल, फॉल-पिको करणारी बाई आणि ब्लाउज शिवणारा शिंपी असे सगळे जगतात.

एप्रिल 2021 मध्ये सरकारनं लग्नाला मर्यादा घातली 25 माणसांची, वेळ दिली दोन तास आणि नियम मोडला तर दंड 50 हजार रुपये. आजाराचा जोर पाहता निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण 25 माणसांच्या लग्नात मानपान कुणाचा करायचा? शालू तरी घेतला जातो, टोपी-टॉवेलचा गठ्ठा कुणी घेत नाही. मानपानाच्या साड्यांबरोबर त्यांचे ब्लाउज गेले, फॉल गेले, पिको गेलं. दुकानदाराच्या तोट्याची निदान वहीत नोंद राहिली. फॉलमागे मोजून पैसे घेणाऱ्या बाईचा तोटा कुठल्या वहीत लिहिला?

दुकानदारांनी हातपाय हलवले, आणि ते कौतुकाचंच आहे. ज्यांना फोनवर दोन बोटांनी टाइप करता येत नव्हतं, त्यांनी साड्यांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. व्हिडिओ कॉलवर पदर उलगडून दाखवला, काठ कॅमेऱ्याजवळ धरला, पैसे फोनवर घेतले, माल एसटीच्या पार्सलनं किंवा ओळखीच्या टेम्पोनं पोचवला. ऑक्टोबर 2021 मध्ये सगळा महाराष्ट्र उघडत होता, घटस्थापनेला मंदिरंही उघडली, आणि आपल्या जिल्ह्यात मात्र 4 ते 13 तारखेपर्यंत 61 गावं पुन्हा बंद. दसरा होता 15 ला. ऐन सणाच्या तोंडावर गावचं दुकान बंद ठेवायची वेळ आली, तेव्हा फोनवरचं गिऱ्हाईक हाच आधार होता. जो तगला तो याच हिकमतीवर.

मोठ्या जगातही हाच काळ ‘बदलाचा’ म्हणून लिहिला गेला. गुचीनं वर्षाला पाचऐवजी दोनच शो करायचं ठरवलं. आपला लॅक्मे फॅशन वीक ऑक्टोबर 2020 मध्ये पूर्णपणे पडद्यावर झाला. या बातम्या छापून आल्या. त्याच वर्षी बड्या परदेशी ब्रँडांनी बांगलादेशातल्या कारखान्यांच्या तीन अब्ज डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा लटकवल्या. त्यातला काही माल शिवून तयार होता. कापड कापलेलं, शिलाई झालेली, आणि बिल द्यायची वेळ आल्यावर हात वर. नंतर ओरड झाली तेव्हा काहींनी पैसे दिले. दिल्लीनंही मुहूर्त साधला: 27 जुलै 2020 ला अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केलं, राष्ट्रीय हातमाग दिनाच्या अकरा दिवस आधी. विणकराला सरकारदरबारी बोलायची जी काही जागा होती, ती त्याच्या सगळ्यांत वाईट वर्षात काढून घेतली. नगरमध्ये एकेकाळी पद्मशाली घरांतून हातमागाची खटखट ऐकू यायची. माग गेले आणि बायकांच्या हाती विडी आली. त्यामुळं मंडळ गेल्याचा इथं फारसा आवाज झाला नाही.

आता मास्क. उमेद अभियानातल्या बचत गटांच्या बायकांनी राज्यभर मास्क शिवले, नगर जिल्ह्यातही. काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. सुती कापडाचे तीन पदर, त्यावर चुण्या, दोन्ही कडांना इलॅस्टिक. चुण्या सारख्या पडल्या नाहीत तर मास्क नाकावरून घसरतो, टीप सैल पडली तर पहिल्याच धुण्यात कड उसवते. पायाच्या मशीनवर, पोरं घरात, शाळा बंद, नवऱ्याचं काम थांबलेलं, अशा घरात हे मास्क शिवले गेले. सुरुवातीच्या त्या आठवड्यांत गावोगावच्या लोकांच्या तोंडावर होतं ते याच बायकांचं काम. मग कारखान्याचा माल आला. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्यानं तीन पदरी मास्कची कमाल किंमत 4 रुपये ठरवली. गिऱ्हाइकासाठी ते योग्यच झालं, पण त्या भावाशी घरचं मशीन कसं झुंजणार? 2 एप्रिल 2022 ला, पुन्हा पाडव्यालाच, मास्कची सक्ती उठली. तोवर हे काम संपलंच होतं. त्या काळात हजारो हातांना ठरल्या मापाचं, ठरल्या दिवशी काम द्यायची सवय लागली होती. तिचं पुढं काय करायचं, हा विचार कुणी केला नाही.

लग्नं परत मोठी झाली, हळदीला पिवळं, मेहंदीला हिरवं अशी एकाच्या जागी चार कपड्यांची रीत आली. शिंप्याला बरे दिवस यायला हवे होते. त्याच्याकडे काय येतं? फोनवरून मागवलेला तयार कुर्ता, खांद्यात ढगळ आणि छातीत तंग. शिवण उसवायची, मुंढा आत घ्यायचा, बाही कापायची, पुन्हा टीप मारायची. छातीत सैल करायचं म्हटलं तर आत दाबलेलं कापडच नसतं. नवं शिवण्यापेक्षा हे किचकट, आणि गिऱ्हाईक म्हणतं, “एक टीप तर मारायचीय काका, त्याचे कसले एवढे पैसे?” सूट देणारी कंपनी परत घ्यायलाही तयार असते, म्हणून तिच्याशी कुणी घासाघीस करत नाही. घासाघीस शिंप्याशी.

मास्क शिवणाऱ्या हातांना वाऱ्यावर सोडल्याची चूक दुरुस्त करायची संधी सरकारला आली होती, आणि सरकारनं ती घालवली. 2024-25 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आला. कापड राज्यानं एकगठ्ठा घ्यायचं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) बचत गटांनी करायची. कल्पना उत्तम! मास्क शिवलेल्या हातांना याहून चांगलं काम कोणतं? पण शिलाई आणि इतर खर्च मिळून एका गणवेशामागे 110 रुपये ठेवले. शर्टाची कॉलर, खिसा, काजं-बटणं, वर पँट, दोरा, वीज, ने-आण, सगळं त्यात. गावात कुठलाही शिंपी या दरात हात लावत नाही. कापड उशिरा पोचलं, मापं चुकली, स्वातंत्र्यदिन उलटला तरी कित्येक शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत होती. डिसेंबर 2024 मध्ये काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. ठपका बसला तो बचत गटांच्या कामावर. दर ज्यांनी ठरवला त्यांचं नाव कुणी घेतलं नाही.

पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्याला अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि पाच टक्क्यांनी कर्ज मिळतं. मिळू द्या, चांगलंच आहे. पण मशीन घरात आधीपासून आहे, नाही ते काम. आणि जिल्ह्यातलं सगळ्यांत मोठं, दरवर्षी हमखास येणारं शिलाईचं काम गणवेशाचं आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. समित्यांनी दिवाळीनंतर मापं घ्यावीत, जानेवारीत कापड गावातल्या गटाच्या नाहीतर शिंप्याच्या हाती द्यावं, शिलाईचा दर त्यांना विचारून ठरवावा आणि निम्मी रक्कम कापडासोबतच द्यावी. पहिली मापं येत्या डिसेंबरात घेता येतील.