झाडवाले सर

सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली की माणसांची वर्दळ सुरू होते. आधी आर्किटेक्ट, मग वकील, मग तिकाटणं घेऊन जागा मोजणारे, मग जमिनीला भोकं पाडून माती नेणारे. ही सगळी मंडळी येऊन गेली की एका सकाळी, दूधवाल्याच्याही आधी, एक गृहस्थ गेटमधून आत शिरतात आणि तडक कचऱ्याच्या डब्यामागच्या उंबराला मिठी मारतात. वॉचमन काठी घेऊन धावतो. मिठी नसते. टेप असते. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर घेण्याचं काम चाललेलं असतं, आणि हात पुरत नाही म्हणून टेपचं दुसरं टोक धरायला वॉचमनच जुंपला जातो.

हे झाडवाले सर. पुण्यात कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर असं जिथे जिथे जुनी तीनमजली पाडून नवी चौदामजली उभी राहते आहे, तिथे तिथे या जातीचा एक नमुना आढळतो. व्हिजिटिंग कार्डावर नाव असतं, ‘पर्यावरण सल्लागार’ असंही असतं, पण ते कुणी वाचत नाही. ‘सर’ हा भाग खरा आहे. वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करून त्यांनी काही वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलेलं असतं. पुढे तासिका गेल्या, तत्त्व तेवढं राहिलं.

अंगात दहा खिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण, खांद्याला शबनम. शबनममध्ये टेप, रंगाचा डबा, ब्रश, पानं दाबायला जुनी वर्तमानपत्रं आणि चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’. हातात बारमाही छत्री. कडक उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला छत्री कशाला, हे मे महिन्यात त्यांच्याबरोबर आंब्याखाली उभं राहिल्यावर कळतं. वर कावळ्याची पिल्लं असतात आणि पिल्लांच्या आईबापांना सर्वेक्षण मंजूर नसतं.

“किती झाडं आहेत आपल्याकडे?” सर चेअरमनना विचारतात.

“दहाबारा असतील.”

सर मोजतात. त्रेचाळीस निघतात. सुबाभूळच अकरा, आणि चेअरमन पंधरा वर्षं ज्याला ‘ते पलीकडचं’ म्हणत होते, तो सीतेचा अशोक. गेटपाशी रांगेत उभे आहेत ते अशोक नव्हेत, ते आसुपालव, हे सर पहिल्या दहा मिनिटांत सांगतात. पुढच्या दहा मिनिटांत गुलमोहर मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला, हेही होतं. चेअरमनना एवढंच हवं असतं, की परदेशी असतील तर तोडायला सोपी पडतील का. नाही पडत. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यात परदेशी झाड तोडायलाही परवानगी लागतेच. सरांच्या शबनममधल्या वर्तमानपत्रांत मात्र दाबलं जातं सीतेच्या अशोकाचंच पान.

खरी गंमत वयाची. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त वयाचं झाड ‘हेरिटेज’ ठरलं. शिवाय तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. तेव्हापासून शहरातल्या आंब्याफणसांची वयं लग्नाच्या बायोडाटातल्यासारखी सांगितली जाऊ लागली. बिल्डरचा इंजिनिअर झाडाभोवती दोन फेऱ्या मारतो, पानं चाचपून बघतो आणि म्हणतो, “सर, अठ्ठेचाळीसचा वाटतो. फार तर एकोणपन्नास.”

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडतात, “अहो, आमच्या सासूबाईंनी लावलाय तो! इमारत झाली त्या साली. चौऱ्याहत्तर!”

“काकू, नीट आठवा. नंतर लावला असेल.”

“नंतर कसा लावतील? शहात्तरला त्या गेल्या.”

इंजिनिअर गप्प. सर वहीत लिहितात : ‘स्थानिक साक्ष, विश्वसनीय.’

बुंधा कापला की आतली वलयं मोजता येतात. पण कापायचं की नाही हे ठरवायलाच वय हवं असतं. त्यातून आपल्याकडच्या बहुतेक झाडांत वलयं धड उमटतही नाहीत. सागात दिसतात, पण कुणाच्या पार्किंगमध्ये साग असतो? म्हणून घेर, जात आणि जुन्या रहिवाशांची स्मरणशक्ती यांवर भागवावं लागतं. त्यातही पर्जन्यवृक्ष भलता फसवा. चाळिशीतच असा आडवा सुटतो, की बघणाऱ्याने शंभराचा धरावा. सर मात्र अशा वेळी बिल्डरच्या बाजूने निकाल देतात. “जे आहे ते आहे,” म्हणतात. त्यामुळे झाडं वाचवायला आलेली तरुण मंडळी त्यांना बिल्डरचा माणूस समजतात, बिल्डर त्यांना चळवळीतला समजतो आणि रहिवासी समजतात, की यांच्यामुळेच आपलं भाडं वाढतंय.

मोजून झालं की नंबर पडतात आणि यादी तीन रकान्यांत जाते : राहणार, हलवणार, तोडणार. ‘राहणार’मध्ये बहुतेक कुंपणाला चिकटलेली झाडं असतात, कारण नकाशात बेसमेंट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं असतं. सर आर्किटेक्टला विचारतात, “हा कडुनिंब ठेवताय, उत्तम. याची मुळं कुठे ठेवणार?” आर्किटेक्टने झाड म्हणून नकाशात हिरवा गोल काढलेला असतो, आणि गोलाला मुळं नसतात. ‘हलवणार’ या रकान्यावर तर सरांचा विशेष राग. फांद्या छाटायच्या, मुळं तोडायची, गोणपाटात गुंडाळून क्रेनने उचलायचं आणि कुठल्याशा माळावर पुरून फोटो काढायचा. “पुनर्रोपण आणि पुनर्जन्म,” सर म्हणतात, “लोकांचा विश्वास दोन्हींवर आहे, पुरावा मात्र दोन्हींचा क्वचित मिळतो.”

आता वन्यजीव. हा शब्द काढला की मीटिंगमध्ये हमखास हशा पिकतो, आणि कुणीतरी चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं नाव घेतं. सर हसत नाहीत. त्यांनी पहाटे जिन्यात बसून सगळं टिपलेलं असतं. गुलमोहराच्या ज्या वाळक्या फांदीवर ‘ही आधी तोडा’ म्हणून सेक्रेटरींची तीन पत्रं गेली आहेत, तिच्यात तांबटाने गोल भोक पाडलं आहे, दोन रुपयांच्या नाण्याहून जरा मोठं. त्यातून भुसा बाहेर फेकला जातो, मग शेंदरी कपाळाचं डोकं बाहेर येतं, डावीकडे बघतं, उजवीकडे बघतं आणि परत आत जातं. पाण्याच्या टाकीमागे शिंप्याने कर्दळीचं पान शिवून पिशवी केली आहे. जुन्या वडाच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं आहे. रात्री त्यांचं भांडण ऐकून तळमजल्यावरच्या आजोबांनी दोनदा पोलिसांना फोन केलेला आहे.

“सर, पक्षी काय, उडून जातील,” इंजिनिअर म्हणतो.

“पक्षी जातील. अंडी कशी जातील?”

मग सर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा काढतात. पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हे त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारीत मोडतं. ‘शिकार’ शब्द ऐकून इंजिनिअरचा हात नकळत मागे जातो, बंदूक लपवावी तसा.

“मग थांबायचं किती?”

“पिल्लं उडेपर्यंत. जून धरा.”

“जूनला पाऊस लागतो. खोदाई कशी करणार?”

“मग सप्टेंबर.”

“पितृपक्ष आहे, भूमिपूजन नाही करत.”

पितृपक्षात ज्या कावळ्याची गच्चीवर पान मांडून वाट पाहायची, त्याचंच घरटं मे महिन्यात पाडायला माणूस शोधायचा, हे सरांना कळत नाही. मला कळतं. कावळा पाहुणा म्हणून चालतो, भाडेकरू म्हणून नाही.

सरांचं एकच दैवत : थिओडोर कुक. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध केला, आणि आजही इथलं झुडूप ओळखताना अडलं की अभ्यासक त्याच्याकडे जातात. पण सरांना त्यात खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. कुक इंजिनिअर होता. वसईच्या खाडीवरच्या रेल्वे पुलाचं काम केलेला, पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य झालेला. “एक इंजिनिअर होता, त्याने इलाख्यातली वनस्पती न् वनस्पती मोजली,” सर साइटवरच्या इंजिनिअरकडे बघून म्हणतात, “आणि एक तुम्ही, त्रेचाळीसची बत्तीस करा म्हणता.”

यादी झाली म्हणजे झाड वाचलं, असा सरांचा मुळीच समज नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईत आरेत न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर रातोरात करवती चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी झाली. “सगळी यादीतली होती,” सर म्हणतात आणि रंगाच्या डब्याचं झाकण लावतात. त्यांची फीदेखील ज्याला झाडं तोडायची आहेत त्याच्याकडूनच येते, आणि तीही सर्वांत शेवटी. शेवटच्या हप्त्याचा चेक मागायला गेलं की ऑफिसातली मुलगी विचारते, “तुमचं काम कुठलं हो, पेस्ट कंट्रोल का?”

गेल्या वर्षी खुद्द सरांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. वहिनींचे गुडघे, बिनलिफ्टचा तिसरा मजला. सरांनी मुकाट्याने संमतिपत्रावर सही केली. आपल्याच आवारातला सर्व्हे आपण करणं बरं नव्हे, म्हणून काम दुसऱ्याला दिलं. तो निघाला त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने बेचाळीस झाडांची यादी केली. सरांनी ती लाल पेनने तपासली, दोन जातींची नावं सुधारली, एका फणसाचं वय सहा वर्षांनी वाढवून पंचावन्न केलं आणि खाली शेरा मारला : ‘घेर साडेचार फुटांवर घ्यावा. अंदाजे लिहू नये.’ त्या फणसापायी फाइल अजून अडकली आहे आणि वहिनी अजून जिने चढताहेत.

तुमच्या गल्लीतल्या झाडावर नोटीस चिकटलेली दिसली, तर ती वाचा. हरकत घ्यायला सात दिवस असतात आणि त्यासाठी साधा अर्ज चालतो. फक्त नंबर आणि जात नीट बघून लिहा. आसुपालवाला अशोक म्हणालात, तर तुमच्या हरकतीवर पहिली हरकत झाडवाले सरच घेतील.