आता बघ हं!

कळसच्या आप्पांच्या घरी 'झपाटलेला' सुरू असेल, तर आलेल्या पाहुण्यानं "मी पाहिलाय हा" असं चुकूनही म्हणू नये. "पायलाय न्हवं? मग नीट कळंल," असं म्हणून आप्पा त्याला हाताला धरून खाली बसवतात. "नाही पाहिला" म्हणावं, तर आणखी पंचाईत. मग आप्पा चालू सिनेमा बंद करतात, आतल्या खोलीतल्या माणसांनाही हाका मारून बोलावतात, चहाचं आधण वाढवायला सांगतात आणि पहिल्यापासून लावतात. पाहुणा सोयरीक घेऊन आलेला असो की सोसायटीच्या कर्जाची नोटीस घेऊन, सिनेमातल्या तात्या विंचू या झपाटलेल्या बाहुल्याचा निकाल लागेपर्यंत त्याची सुटका नाही.

एरवी आप्पा भारदस्त गृहस्थ. पंचेचाळिशी ओलांडलेली. इंदापूर तालुक्यातल्या चार माणसांसारखंच त्यांचंही ऊस, डाळिंब आणि दोन जर्सी गायींवर चाललेलं. ग्रामसभेत कालव्याच्या आवर्तनावर बोलायला उभे राहिले की भले भले खाली बसतात. लग्नात याद्या करताना त्यांचा शब्द शेवटचा. पण दिग्दर्शक महेश कोठारेंचं नाव पडद्यावर आलं, की या माणसाच्या मिशीखालचा बारा वर्षांचा पोरगा बाहेर येतो आणि मांडी ठोकून बसतो.

बसतो म्हणजे कसा, तेही सांगितलं पाहिजे. आप्पा टीव्हीकडं तोंड करून बसत नाहीत. खुर्ची उलटी फिरवतात, पाठ टीव्हीला आणि तोंड बघणाऱ्यांकडं. रिमोट उजव्या हातात. सिनेमा त्यांना कानांनी कळतो. ढोल वाजला की कोण येणार, पायऱ्या वाजल्या की कोण जाणार, सगळं तोंडपाठ. ते बघत असतात ते समोरची तोंडं. आणि महत्त्वाचा प्रसंग आला, की पात्रानं तोंड उघडण्याआधी आप्पांचं तोंड उघडतं.

"आता बघ हं!"

की सगळे बघतात, आणि काय होणार ते आधीच कळलेलं असल्यामुळं कुणीच दचकत नाही. मग आप्पा हिरमुसतात. रिमोटनं मागं नेतात. "न्हाय, तुझं लक्ष नव्हतं. परत बघ." आतून काकू ओरडतात, "अवो, त्यास्नी बघू तरी द्या की!" आप्पा म्हणतात, "बघूच देतोय." दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आता या माणसाला झपाटलं कधी, ते पाहू. 'झपाटलेला' 1993 साली आला. त्या काळी कळसच्या पोरांना सिनेमा बघायला बारामती किंवा वालचंदनगर म्हणजे परदेशच. पोरांपर्यंत सिनेमा यायचा तो गणपतीत, 'व्हिडिओ' होऊन. मंडळाची वर्गणी जमायची, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं यायचा, चौकात टेबलावर टेबल चढायचं. खाली पोती, घोंगड्या आणि जागेवरून भांडणं. पहिली कॅसेट देवाची, म्हाताऱ्या माणसांसाठी. ती संपेपर्यंत निम्मी म्हातारी माणसं तिथंच आडवी व्हायची. मग पोरांची कॅसेट. मध्येच पडद्यावर मुंग्या आल्या, की एक जाणता माणूस उठून "हेड घाण झालंय" असं जाहीर करायचा आणि व्हीसीआरच्या पोटात नोट घालून काहीतरी पुसायचा. तो त्या रात्रीपुरता गावातला सगळ्यात मोठा इंजिनिअर.

आप्पा शपथेवर सांगतात, की बाहुल्यानं पहिल्यांदा मान वळवली आणि त्याच क्षणी लाईट गेली. खरंखोटं गणपतीला माहीत. पण त्यांचं म्हणणं असं, की चौकातलं एकही पोर जागचं हललं नाही. अंधारात तास-दीड तास बसून होती सगळी. सिनेमा संपायचा राहिला म्हणून नव्हे, तर एकट्यानं घरी जायची कुणाची छाती होईना म्हणून.

खरी गंमत पुढं. आप्पांचं घर वस्तीवर, आणि दोनच दिवसांनी वडिलांनी फर्मान काढलं: रात्रीची वीज आलीय, उसाला पाणी सोडलंय, दारं धरायला चल. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. वडील वरच्या अंगाला, पोरगं खालच्या अंगाला. शेजारच्या तुकड्यात बाजरी निसवलेली, आणि पाखरांसाठी मधोमध उभं केलेलं बुजगावणं. अंगात आप्पांचाच जुना शाळेचा सदरा. डोक्याला मडकं, त्यावर चुन्यानं काढलेले डोळे आणि, वडील हौशी असल्यामुळं, भुवयासुद्धा. वारं आलं तसा सदऱ्याचा हात हलला.

दुसरं एखादं पोर बोंबलत पळालं असतं. पण आप्पा सिनेमा मन लावून बघणारे. बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू कुठं गोळी लागल्यावर मरतो, हे त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं होतं: दोन भुवयांच्या मधोमध. खिशात बेचकी होतीच. बॅटरी दातांत धरली, खडा लावला, नेम धरला आणि सोडला. मडक्याचे दोन तुकडे झाले. कळस गाव वाचलं. सकाळी वडिलांनी मडकं बघितलं आणि मग आप्पांना वाचवायला सिनेमातला इन्स्पेक्टर महेश जाधव काही आला नाही.

तेव्हापासून आप्पा या सिनेमाचे पुजारी झाले. पुजाऱ्याला लागतं तेवढं ज्ञानही त्यांनी जमवलंय, आणि ते मध्यंतरात सक्तीनं वाटतात. "तात्या विंचू कोण झालाय ठावं हाय का? दिलीप प्रभावळकर! 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी झालेत न्हवं, त्येच." पोरांना हे पटत नाही. एकाच माणसाच्या अंगात विंचू आणि बापू दोघं कसे मावले, हा प्रश्न त्यांना पडतो, आणि आप्पांना त्यांच्या तोंडावरचा तो प्रश्न बघायचा असतो. मग दुसरी पुडी. "आणि बाहुला कुणी नाचवलाय? रामदास पाध्येंनी. लिज्जत पापडच्या जाहिरातीतला ससा हसायचा बघ, त्योबी त्यांचाच." यावर पोरं गप्प. त्यांनी ससा बघितलेला नाही. आप्पा कपाळावर हात मारून घेतात आणि मोबाइलवर ससा शोधायला लागतात. सिनेमा तिकडं पुढं गेलेला असतो, तो परत मागं आणावा लागतो.

महेश कोठारेंचे बाकीचे सिनेमेही आप्पांच्या दप्तरी नोंदलेले आहेत. 'दे दणादण'मध्ये लक्ष्याला, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेला, मारुतीची शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. 'धडाकेबाज'मध्ये बाटलीतला गंगाराम आणि कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ. आप्पा या सगळ्यांना मान देतात, पण चुलत भावाला देतात तेवढाच. सख्खा तो 'झपाटलेला'.

एका दिवाळीत पुण्याहून भाचा आला. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यानं फराळाचा लाडू फोडता फोडता सांगून टाकलं, "मामा, हे इंग्रजीवरून घेतलंय. 'चाइल्ड्स प्ले', 1988 चा. त्यात चकी नावाचा बाहुला आहे. सेम टु सेम."

घरात शांतता पसरली. काकूंनी झारा कढईत तसाच धरून ठेवला.

आप्पांनी रिमोटनं सिनेमा थांबवला. म्हणाले, "आसंल. त्या चकीच्या सिनेमात लक्ष्या हाय का?"

"नाही, लक्ष्या कसा असेल?"

"कुबड्या खवीस?"

"नाही."

"डॅम इट म्हननारा इन्स्पेक्टर? बाबा चमत्कार?"

"नाही मामा."

"मग आमचं काय घेतलं त्यांनी!" असं म्हणून आप्पांनी सिनेमा पुढं चालू केला.

वकिली उलटी होती, पण निकाल चुकीचा नव्हता. मरणाऱ्या गुन्हेगारानं मंत्र म्हणून बाहुल्यात शिरायचं, ही कल्पना तिकडचीच. पण तिकडचा सिनेमा लहान पोरांना दाखवायचा नव्हता. इकडं मात्र आजीच्या मांडीवर बसून बघायचा झाला. लक्ष्मीकांत बेर्डे जिवाच्या आकांतानं सांगतोय की बाहुला बोलतो, आणि कुणाचा विश्वास बसत नाही. बघणारं पोर अर्धं हसतंय, अर्धं आजीच्या पदरात शिरतंय. भीती उसनी आणता येते. हसू ज्याचं त्यालाच आणावं लागतं. पुढं हाच सिनेमा हिंदीत 'खिलौना बना खलनायक' होऊन गेला. ही बातमी आप्पा भाच्याला फोन करून सांगतात, अजूनही, अधूनमधून.

2013 साली 'झपाटलेला 2' आला, तोही थ्रीडी. आप्पांनी घरातली सगळी पोरं गाडीत कोंबली, काळे चष्मे लावले आणि बाहुला अंगावर आला तेव्हा मान मागं नेली. परतताना कुणी विचारलं, कसा वाटला? म्हणाले, "चष्म्यातनं सगळं जवळ आलं. लक्ष्या तेवढा लांबच राहिला." लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी गेले. गाडीत पुढं बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि आप्पा गाडी चालवत असूनही त्यांनी भिगवणपर्यंत एकाही ट्रकवाल्याला शिवी दिली नाही.

आप्पांचं खरं दुखणं वेगळंच आहे. हल्लीची पोरं घाबरत नाहीत. त्यांनी तात्या विंचूला आधी मोबाइलवरच्या स्टिकरमध्ये पाहिलेलं असतं. "जेवलास का?" विचारणारा तात्या विंचू, शुभ सकाळ म्हणणारा तात्या विंचू. सकाळी ज्यानं शुभेच्छा दिल्या, त्याला रात्री घाबरायचं कसं? आप्पा जीव तोडून "आता बघ हं!" म्हणतात आणि पोरगं म्हणतं, "आप्पा, ह्याला खालून हात घातलाय." एकानं तर बाहुल्यात सेल किती बसत असतील याचा हिशेब मांडला. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र नवल झालं. भावाची धाकटी पोर, शाळेतही न जाणारी, मोठ्या पोरांच्या मागं बसली होती. आप्पांचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. सिनेमा संपला, सगळे उठले, आणि ती आप्पांच्या शर्टाला धरून म्हणाली, "आप्पा, त्यो बाहुला रात्री कुटं झोपतो?"

आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. तीस वर्षं ज्याची पूजा केली, तो झोपतो कुठं हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, "आसंल कुटंतरी. कपाटाबिपाटात."

पोरीनं रात्रभर लाईट बंद करू दिली नाही. कपाटाला खुर्ची लावली, खुर्चीवर दळणाचा डबा ठेवला, आणि आईला कपाटाकडं तोंड करून झोपायला लावलं. सकाळी पोरीच्या आईनं आप्पांचा जो उद्धार केला, तो दूध घालायला निघालेल्या निम्म्या गावानं ऐकला. आणि आप्पा? आप्पा उसाला मनासारखा दर मिळाल्यासारखे डेअरीवर आले. येईल त्याला थांबवून सांगत होते, "घाबरली रं पोरगी! लई घाबरली! लाईट बंद करू दिली न्हाय!" शेवटी चहाही त्यांनीच पाजला.

लोक हसले. पण मला त्या दिवशी खुर्ची उलटी का असते, ते समजलं. आवडीचा सिनेमा माणसाला एकदाच बघायला मिळतो. चौकात पोत्यावर बसून, लाईट जाण्याच्या आत. त्यानंतर कितीही वेळा लावला, तरी काय होणार ते आपल्याला ठाऊक असतं. मग तो नुसता दाखवता येतो, आणि ती पहिली भीती दुसऱ्याच्या तोंडावर कधी उमटते याची वाट बघत बसता येतं. ते तोंड टीव्हीत नसतं. म्हणून आप्पा टीव्हीकडं पाठ करतात.

असा एक आप्पा तुमच्याही घरात असेल. त्याचा सिनेमा 'मिस्टर इंडिया' असेल, नाहीतर 'छोटा चेतन'. तो बोलावील तेव्हा कामं सांगू नका, जा. कुणावरून घेतलाय, दोरी कुठं दिसते, हे ज्ञान घरी ठेवून जा. आणि तो "आता बघ हं!" म्हणाला, की मोबाइल खाली ठेवा आणि मोठ्यानं ओरडा. फक्त बाहुला उठायच्या आधी ओरडू नका. आप्पांना लगेच कळतं, आणि मग ते परत मागं नेतात.