बॉनेटकाका

बॉनेट उघडण्याचा आवाज तसा लहानच असतो. एक ‘खट्’. पण आमच्या सोसायटीत तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो आणि तिथून बॉनेटकाका निघतात. लिफ्टने नाही, जिन्याने. लिफ्टची वाट बघेपर्यंत बॉनेट मिटलं तर?

काका येतात ते हात पाठीमागे बांधून. पहिली दोन मिनिटं बोलत नाहीत. स्थळ बघायला आलेल्या आत्याबाई पोह्यांकडे बघतात, तसे इंजिनकडे बघतात. मग म्हणतात, “अंदाज होताच.” कशाचा, ते विचारायचं नसतं.

काकांनी आयुष्यात एकच गाडी बाळगली, प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत, इंजिन १०८९ सीसी. हा आकडा ते स्वतःच्या रक्तगटासारखा सांगतात. गाडी विकून पंचवीस वर्षं झाली; तरी सोसायटीतल्या प्रत्येक गाडीचं दुखणं अजून तिच्यावरूनच ताडलं जातं. परवा शेजाऱ्यांचा एसी गार होईना, तर काका म्हणाले, “चोक ओढून ठेवला असणार.”

माझी गाडी सिग्नलला उभी राहिली की झुलायची. काटा आठशेवरून बाराशेवर, पुन्हा खाली, मध्येच धाप लागल्यासारखी बंद पडायच्या बेतात. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. कान दिला तर कुठूनतरी बारीक ‘स्स्स’. रविवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. खट्.

“कार्ब्युरेटर,” काका म्हणाले.

“काका, या गाडीला कार्ब्युरेटर नाही.”

“काढून घेतला असेल. सर्व्हिसिंगला देतोस ना? तिथेच काढतात.”

मग प्लग झाले, पेट्रोलमधलं पाणी झालं. शेवटी माझ्या डाव्या पायाची सवयही झाली. तेवढ्यात गॅरेजचा पोरगा आला आणि त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. यंत्राने सांगितलं की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय.

“बाहेरची हवा खातेय गाडी,” पोरगा म्हणाला.

“मग काय आतली खाणार?” काका.

पोराने समजावून सांगितलं. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, असा जेवणाचा बेत. फिल्टरमागचा सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि त्या बेताने पेट्रोल सुटतं. पण पुढे एखादा रबरी पाइप चिरला, की न मोजलेली हवा मागच्या दाराने घुसते. पंगत वाढलेली शंभरांची, जेवायला दीडशे. न बोलावता आत शिरून हिशेब बिघडवणारा कोणीतरी असतो, हे ऐकताना मी काकांकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

पोराने पिशवीतून कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे काढला. तो एकेका पाइपवर मारायचा. जिथे इंजिनचा आवाज बदलेल, तिथे भोक. डब्यावरचा पहिला शब्द वाचून काकांचा चेहरा उजळला. “बघ! मी म्हणत होतो!” आणि ते गायब झाले. दोन मिनिटांत परत आले तेव्हा हातात पेटती अगरबत्ती. वरून काकूंचा आवाज: “अहो, देवाची अगरबत्ती कुठे नेलीत?”

पोरगा दोन पावलं मागे सरला. “काका, हे पेटतं. एकतर माझा डबा, नाहीतर तुमची अगरबत्ती.”

इथे मला वाटलं होतं की काका हरतील. पण पोराने डबा पिशवीत टाकला, पेट्रोलच्या नळीपासून लांब राहायची ताकीद दिली आणि अगरबत्ती काकांच्याच हातात ठेवली. इंजिन सुरू. धूर सरळ वर जात होता. काका पाइपांवरून हात फिरवत होते, आणि एवढा वेळ न बोलता मी त्यांना प्रथमच पाहिलं. थ्रॉटलच्या मागे, बोटभर जाडीचा एक पाइप मॅनिफोल्डला जोडला जातो, तिथे आल्यावर धूर अचानक वाकला आणि पाइपाखाली ओढला गेला. नाहीसाच झाला.

पोराने तिथे बोट दाबलं. ‘स्स्स’ थांबलं, काटा आठशेवर येऊन बसला.

इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होऊन पाइप तोंडाशी चिरला होता. पोराने चिरलेला अर्धा इंच कापला, उरलेला परत बसवला, क्लॅम्प आवळला, स्कॅनरवरून दिवा घालवला. “नवा पाइप आला की बदलू. हा जुनाच आहे, पुन्हा चिरेल.” दहा मिनिटांचं काम. काका तेवढा वेळ विझलेली काडी हातात धरून उभे. बरोबर ठरल्यावर काय बोलायचं असतं, याचा त्यांना सराव नव्हता.

सराव दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. आता काकांच्या खिशात पुडा असतो. पंक्चरलाही काडी निघते.

गेल्या महिन्यात ‘बी’ विंगमध्ये विजेवरची गाडी आली. खट् झालं, काका उतरले. बॉनेटखाली छोटीशी डबी, सामान ठेवायला. काकांनी वाकून बराच वेळ आत पाहिलं.

“ही हवा कुठून घेते?”

“घेतच नाही, काका.”

काकांनी खिशातला पुडा चाचपला. हात पाठीमागे गेले.

“अंदाज होताच,” ते म्हणाले. “अडकली असेल कुठेतरी.”