ठोका कुठे पडतो?

वसईत ट्रॅक्टर ठोकू लागला की मेस्त्रीला निरोप जाण्याआधी गावाला जातो. आमच्या चुलत्यांचा ट्रॅक्टर आगाशीजवळ ऐन चिखलणीत ठकठकू लागला, तेव्हा बांधावर माणसं आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी जमली. शहाळं तेवढं कुणी आणलं नाही.

"बेअरिंग गेलं," शेजारचे काका म्हणाले. त्यांची उभी नोकरी विरार लोकलने चर्चगेटला जाऊन हिशेब तपासण्यात गेली. दुसऱ्याने डिझेलात पाणी पाहिलं. तिसऱ्याने ट्रॅक्टर विकूनच टाका म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचंच होतं. वाडीतल्या आजोबांना रहाट आठवला. "आमचा रेडा लाथ मारायचा, पण कुठल्या पायाने मारली ते तरी कळायचं!"

आजोबांचा मुद्दा बिनतोड होता. डिझेल इंजिन थोडंफार ठोकतंच. त्यात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापवायची आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा, की तो आपसूक पेटतो. पेटायला अंमळ वेळ लागतो. तो वेळ वाढला की तोवर साचलेलं डिझेल एकदम भडकतं आणि ठोका पडतो. हे इंजिन काढणारा रुडॉल्फ डिझेल 1913 साली बोटीवरून रातोरात नाहीसा झाला. का, ते कुणाला नक्की कळलं नाही. ट्रॅक्टरवाल्यांना थोडा अंदाज आहे.

मेस्त्री आले. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. बांध चिडीचूप.

"काय म्हणतंय?" चुलत्यांनी विचारलं.

"म्हणतंय, माणसं हटवा."

झडपा उघडणारं टॅपेट नव्हे, असं त्यांनी लगेच सांगितलं. टॅपेटची टिकटिक हलकी आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाने होते, कारण ते हलवणारा कॅमशाफ्टच क्रँकच्या निम्म्याने फिरतो. मग इंजिन हळू चालू ठेवून त्यांनी डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले. नट सैल झाला की डिझेल बाहेर उडतं आणि तेवढा सिलिंडर मरतो. पहिला मेला, ठोका जिवंत. दुसरा मेला, तरी जिवंत. तिसरा मेला आणि ठोका बंद!

काका पुढे सरसावले. "तिसऱ्याचं बेअरिंग!"

मेस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बेअरिंग गेलं असलं तरी त्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाज दबतोच. म्हणून त्यांनी इंजिन बंद करून पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे इंजेक्टर आपापसांत बदलले. पुन्हा चालू केलं, तर ठोका पहिल्यात! बेअरिंग काही जागा सोडून चालत जात नाही. दोष इंजेक्टरचा होता. त्याचं नोजल फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत होतं.

इंजिन खोलायचं नाही म्हटल्यावर गर्दीचा रसच गेला. गिऱ्हाईकवाल्याने खिशात मोबाइल ठेवला. नवं नोजल बसलं, चिखलणी पुढे सुरू झाली. काका मात्र जाता जाता चुलत्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मी बेअरिंगच म्हटलं होतं, पण नोजलचं."